वीस फुटी पाईप, दहा बाय दहाचा कागद आणि एक लाल एलईडी

आधीच सांगून टाकतो म्हंजे नंतर शिव्या नकोत. हा जो सोलर अपड्राफ्ट टॉवर आपण बनवणार आहोत त्याच्यावर फॅन चालणार नाही, मोबाईल चार्ज होणार नाही, लाईटबिल एक रुपयानं कमी होणार नाही. कडक उन्हात एक लाल एलईडी लागतो, बस्स. पण तो एलईडी फक्त उन्हानं गरम झालेल्या हवेवर लागतो, पॅनेल नाही बॅटरी नाही, आणि तो लावेपर्यंत जे डोक्यात शिरतं ते कुठल्या व्हिडिओत मिळत नाही. मी हे गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या सायन्स प्रोजेक्टसाठी कोल्हापुरात गच्चीवर केलं, तीनदा चुकलो, चौथ्यांदा जमलं. चुका तुम्ही परत करू नका म्हणून लिहितोय.

तत्त्व आपल्या भागात वेगळं समजावून सांगायला नको खरं तर. गुऱ्हाळावर चुलवाण बघितलंय ना, चिपाड आत ढकललं की चिमणी कशी घुमायला लागते, आत जाळ धरायला कुणी पंखा लावत नाही, चिमणीच हवा ओढून घेते. गरम हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड, जड हवा खालनं आत घुसते आणि हलकीला वर रेटते, आणि चिमणी जेवढी उंच तेवढी ओढ जास्त. आता चुलवाणातला जाळ काढून टाका आणि त्याच्या जागी मोठ्या प्लास्टिकच्या छपराखाली उन्हानं तापलेली हवा ठेवा, चिमणीच्या बुडात पंखा बसवा, पंख्याला जनरेटर. झाला टॉवर.

आयडिया जुनी आहे. स्पेनच्या लष्करातला इसिदोरो काबान्येस नावाचा अधिकारी, त्यानं १९०३ साली हे मांडलं होतं. पण खरोखर मोठा बांधला तो जर्मन इंजिनिअर योर्ग श्लाइश यांच्या टीमनं, स्पेनमध्येच मान्सानारेस गावाजवळ, १९८२ मध्ये तो सुरू झाला. चिमणी १९४.६ मीटर उंच, म्हंजे कुतुबमिनारच्या अडीच पटीच्या वर, १० मीटर रुंद, आणि खाली २४४ मीटर व्यासाचं गोल छप्पर. ते छप्पर जवळजवळ ४६,००० चौरस मीटर होतं, आपल्या भाषेत साडेअकरा एकर ऊस. एवढ्या सगळ्यातनं जास्तीत जास्त वीज किती, तर ५० किलोवॉट. साडेसात एचपीच्या नऊ मोटरी जेमतेम. साडेअकरा एकरावर कडक ऊन पडलं की ४६ हजार किलोवॉट पडतं आणि त्यातलं ५० हाताला लागतं, हजारात एक. हे वाचून भाचा म्हणाला मामा हे तर लई लॉसमध्ये आहे. आहेच. पण त्याची दुसरी बाजू अशी की त्यात आरसे नाहीत, पाणी लागत नाही, दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते म्हणून सूर्य बुडाल्यावरही थोडं चालतं, आणि काच, प्लास्टिक, पत्रा एवढ्यावर काम भागतं. तो टॉवर सात वर्षं चालला आणि १९८९ मध्ये वादळात पडला, कारण त्याला धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारा गंजल्या होत्या. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, आपल्याकडं वळीव येतो.

आता तुमचा किती चालणार याचा हिशोब बांधायच्या आधी करा, मी नंतर केला ती चूक. चिमणीचा नियम साधा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिला ९.८१ नं गुणा, मग १००५ नं भागा आणि मग बाहेरच्या हवेच्या तापमानानं भागा, पण ते तापमान केल्विनमध्ये, म्हंजे ३२ डिग्री असेल तर ३०५. जे येईल तेवढाच उष्णतेचा भाग हवेच्या ओढीत बदलू शकतो, त्याच्यावर कितीही जोर लावा मिळत नाही. १०० मीटरला हे येतं ०.३२ टक्के. आपल्या वीस फुटी म्हंजे ६ मीटर पाईपला येतं ०.०२ टक्के. दहा बाय दहा फुटाचं छप्पर म्हंजे साधारण सव्वानऊ चौरस मीटर, भर दुपारी त्याच्यावर आठ-साडेआठ किलोवॉट ऊन पडतं, त्यातलं तिसरा हिस्सा हवेत उतरलं असं धरा, पावणेतीन किलोवॉट. त्याचे ०.०२ टक्के म्हंजे अर्धा वॉट. हा अर्धा वॉट कागदावरचा. पाईपमधलं घर्षण, तोंडातनं वाया जाणारा वेग, पात्यांची चूक, जनरेटरची चूक, सगळ्यांनी आपापला वाटा काढला की एलईडीपर्यंत येतात दहावीस मिलिवॉट. दहावीस! लाल एलईडी पाच मिलिवॉटमध्ये पण दिसण्याइतका लागतो म्हणून आपली अब्रू राहते.

(तेवढ्याच जागेत सोलर पॅनेल बसवले तर दीड किलोवॉटच्या वर बसतात आणि एक किलोवॉटला दिवसाला चार युनिट धरायची असा आपल्याकडचा अंदाज आहे. ज्याला वीज पाहिजे त्यानं इथंच थांबून पॅनेल घ्यावेत, मनापासून सांगतो.)

सामान काय लागतं ते सांगतो. पाईप: २०० एमएमचा म्हंजे आठ इंची शेतीचा पीव्हीसी पाईप, पूर्ण वीस फुटाचा नग येतो तोच घ्या, कापू नका, आणि पातळ प्रेशरवाला घ्या कारण जाडा घेतला तर उभा करताना दोघांची कंबर जाते. कुणाच्या रानात जुना पडलेला असेल तर उत्तम, पाईप हाच सगळ्यात मोठा खर्च आहे. छपराला पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद, जयसिंगपूर-शिरोळ बाजूला पॉलिहाऊसवाले लई आहेत, कागद बदलताना तुकडे निघतात ते मागितले तर मिळतात. जुना कागद पिवळट झालेला असतो, चालतो, फक्त फाटका नको. खाली अंथरायला काळा मल्चिंग पेपर. सांगाड्याला बांबू. मध्ये दोन बाय दोन फुटाचा प्लायवूड. ताणाला जीआय तार आणि तीन टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू). ज्यावर पाईप उभा राहील ती अँगलची तिपाई, फूटभर उंच, उद्यमनगरात कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडं अर्ध्या तासाचं काम आहे. बाकी एम-सील, पारदर्शक टेप, सायकलची एक तार, टिचबटण, खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, आठ निओडिमियम मॅग्नेट १५ एमएमचे, आणि ३६ गेजची वाइंडिंग वायर. वायर बाजारात अख्खा बॉबिन देतात, आपल्याला एवढीशी लागते, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं जा, कोल्हापुरात शेतीपंपाच्या मोटरी भरणारे गल्लोगल्ली आहेत, उरलेली वायर देतात. मला दिली, वर विचारलं कशाला पाहिजे, सांगितलं तर हसला आणि पाच मिनिटात कॉइल कशी गुंडाळायची ते फुकट शिकवलं.

जागा गच्ची बेस्ट. रानात करणार असाल तर कोरडी जागा बघा, पाणी दिलेल्या काळ्या रानात अजिबात करू नका. पहिला प्रयोग मी गावाकडं उसाच्या बांधाला केला, दुपारी बघतो तर कागदाला आतून दव धरल्यासारखे थेंब, आत वाफारा आणि पाईपमध्ये वारं नाही. ऊन सगळं मातीतलं पाणी उडवण्यात खर्च होत होतं, हवा गरम करायला काही उरत नव्हतं. वरनं ते थेंब ऊन परत फेकतात. गच्चीवर ती भानगड नाही, आणि स्लॅब दिवसभर तापतो तो संध्याकाळी थोडी उष्णता परत देतो. सावली कशाची पडत नाही ना तेवढं बघा, पाण्याच्या टाकीची पडते हे लोक विसरतात. उन्हाचा अँगल वगैरेची काळजी नको, कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर आहे, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, छप्पर आडवंच पाहिजे. मार्च ते मे हाच सीझन.

छप्पर असं करा. दहा बाय दहाचा चौकोन आखा, मल्चिंग पेपर अंथरा, त्याच्याखाली वाळलेलं पाचट किंवा थर्माकोल पातळ घातला तर हवा लवकर तापते, नाही घातला तर उशिरा तापते पण संध्याकाळी जास्त वेळ टिकते, दोन्हीपैकी एकच मिळतं. मी पाचट घातलं कारण प्रदर्शन दुपारचं होतं. मधोमध तिपाई, तिच्यावर प्लायवूड, प्लायवूडला आठ इंची भोक. चारी कोपऱ्यांना आणि कडांना विटा ठेवून त्याच्यावर बांबू, कडेला जमिनीपासून फक्त दोन-तीन इंच उंची ठेवा आणि मध्ये प्लायवूडपाशी फूटभर, म्हंजे कागद कडेकडनं मध्याकडं चढता जाईल. हा चढ महत्त्वाचा, गरम हवा चढाच्या बाजूनं आपोआप सरकते, सपाट ठेवला तर ती छपराखाली एका कोपऱ्यात साचून बसते. कागद प्लायवूडला पट्टीनं आणि बारीक खिळ्यांनी ठोकून घ्या आणि फटी टेपनं बंद करा. मध्याला जेवढी फट तेवढी ओढ तिथनंच वाया जाते, सायकलच्या ट्यूबला पंक्चर असल्यासारखं.

कडेची उंची मी पहिल्यांदा फूटभर ठेवली होती, म्हटलं हवा भरपूर येऊ दे. आली भरपूर, ह्या बाजूनं आली आणि त्या बाजूनं निघून गेली, दुपारचा पश्चिमेचा वारा सगळी गरम हवा धुऊन न्यायचा. आता पश्चिमेच्या बाजूला एक विटांची रांग आडवी लावून ठेवतो, तीन बाजू उघड्या.

वरचा कागद काळा का नको, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. काळा कागद वर लावला तर तापतो तोच, आणि तो वरच्या वाऱ्याला उघडा असतो, म्हंजे तुम्ही कोल्हापूरची हवा गरम करताय, छपराखालची नाही. पारदर्शक वर, काळा खाली, ऊन आरपार जाऊन खाली अडलं पाहिजे. पाईपला मात्र बाहेरनं काळा रंग द्या, तेवढाच आतल्या हवेला आधार.

पाईप उभा करणं हे दोघांचं नाही तिघांचं काम, आणि सकाळी वारं सुटायच्या आत करायचं. पाईपच्या दोन तृतीयांश उंचीला म्हंजे चौदा फुटाच्या आसपास क्लॅम्प लावून तीन तारा बांधा, तीन दिशांना सारख्या अंतरावर, खाली गच्चीच्या कठड्याला किंवा कॉलमच्या सळीला पक्क्या बांधा, पाण्याच्या पाईपला नाही. एक जण बुड धरतो, दोघे तारा ओढतात. बुड प्लायवूडच्या भोकात बसलं की एम-सील. जवळून लाईटची तार जात असेल, अगदी सर्व्हिस वायर जरी असली, तर तिथं हे करूच नका, वीस फूट पाईप पडला की कुठं पडेल ते आधी चालत जाऊन मोजा. वळवाच्या दिवसात दुपारी तीन-चारला पन्हाळ्याकडं ढग काळे दिसायला लागले की पाईप आडवा करायचा, मग कितीही कंटाळा येवो. मी एक दिवस चहा प्यायला खाली आलो आणि परत जाईपर्यंत पाईप कठड्यावर पालथा आणि कागद शेजारच्यांच्या गच्चीवर. नशीब कुणाला लागलं नाही. त्यांच्याकडं कागद आणायला गेलो तेव्हा जे ऐकलं ते इथं लिहीत नाही.

पंख्याआधी उदबत्ती. टर्बाईन बसवायची घाई करू नका, आधी ओढ आहे का बघा. दुपारी बाराच्या पुढं उदबत्तीचा जुडगा किंवा धूप प्लायवूडच्या भोकाखाली धरा आणि एकाला दुसऱ्या गच्चीवर उभं करून पाईपच्या तोंडाकडं बघायला सांगा. खालनं तुम्ही "सोडला" म्हणायचं, धूर दिसला की त्यानं "आला" म्हणायचं. सहा मीटरला तीन सेकंद लागले तर वेग सेकंदाला दोन मीटर. थिअरी सांगते की वीस डिग्री फरक असेल तर घर्षण नसताना पावणेतीन मीटर मिळायला पाहिजे, प्रत्यक्षात पावणेदोन ते दोन मिळाला तर खूश व्हा. चार सेकंदाच्या वर लागत असतील तर फटी शोधा. आणि आतलं तापमान मोजताना थर्मामीटरच्या टोकावर पुठ्ठ्याची सावली धरा, नाहीतर ते हवेचं नाही, उन्हाचं तापमान दाखवतं आणि तुम्ही उगाच पन्नास डिग्री फरक आला म्हणून नाचता.

आता जनरेटर, इथं माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. कॉम्प्युटरचा कूलिंग फॅन सरळ बसवायचा असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं. तो फिरतो पण वायरीत काही येत नाही, कारण तो ब्रशलेस असतो आणि आतलं ड्रायव्हर सर्किट मध्ये आडवं येतं. मग डीव्हीडी प्लेअरची छोटी ब्रशवाली मोटर लावली. आपला पंखा फिरतो मिनिटाला तीनशेच्या आसपास, आणि ह्या मोटरी हजारोंनी फिरायला बनवलेल्या, पाव व्होल्ट पण धड येईना, एलईडीला पावणेदोन लागतात. टेपरेकॉर्डरच्या मोटरीत आणखी स्पीड धरणारं सर्किट असतं ते वेगळंच. मग कुणीतरी म्हटलं प्रिंटरची स्टेपर मोटर लाव. ती हातानं फिरवली की झकास, लगेच एलईडी लागतो, मी तर उडालोच. पण बोटांना ते जे खटखट अडखळणं जाणवतं ना, ते सोडवायला जेवढा जोर लागतो तेवढा आपल्या वाऱ्यात नाहीच. पंखा जागचा हलला नाही.

म्हणून जनरेटर घरीच, लोखंडाशिवायचा. लोखंड नाही म्हंजे अडखळणं नाही. पातळ प्लायची किंवा ॲक्रिलिकची नऊ सेंटिमीटरची गोल चकती कापा. तिच्यावर साडेतीन सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आठ मॅग्नेट सारख्या अंतरानं चिकटवा, एक उत्तर वर, एक दक्षिण वर, असे आलटून पालटून. ही चकती म्हंजेच पंख्याचा मधला भाग, तिच्या कडेला सहा पाती. पाती तेलाच्या कॅनमधनं कापायची, कॅनचा बाक आपोआप मिळतो, चकतीच्या पातळीशी तीसेक डिग्री तिरकी लावा, आणि टोक पाईपच्या भिंतीपासून तीन-चार एमएम सुटं राहील एवढी लांब. पाती सारख्या वजनाची पाहिजेत, किचनच्या काट्यावर नाही कळत, चकती सुतळीवर टांगून बघा कुठल्या बाजूला कलते.

दांडा सायकलच्या तारेचा. खालचं टोक ग्राइंडरवर घासून अणकुचीदार करा, भोवऱ्याची आर असते तसं, आणि ते टिचबटणाच्या खळगीत उभं करा. पाईप उभा असल्यामुळं पंख्याचं सगळं वजन एका टोकावर तोलता येतं आणि घर्षण जवळजवळ नाहीसं होतं, बेअरिंग लागत नाही. बेअरिंगच लावायचं असेल तर त्यातलं ग्रीस पेट्रोलनं धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, ग्रीससकट लावलं तर पंखा ढिम्म. वरचं टोक रिफिलच्या नळीच्या तुकड्यातनं जाऊ द्या, सैलसर. टिचबटण आणि ही नळी ज्या आडव्या पट्ट्यांवर बसतील त्या लाकडाच्याच घ्या. मी ॲल्युमिनियमची पट्टी लावली होती, म्हटलं हिला मॅग्नेट चिकटत नाही म्हंजे काय होणार, तर फिरत्या मॅग्नेटजवळ ॲल्युमिनियम ब्रेकसारखं काम करतं. चिकटत नाही पण धरून ठेवतं.

कॉइल चार, प्रत्येकी चारशे वेढे. बाटलीच्या छोट्या बुचावर गुंडाळा, आतली मोकळी जागा मॅग्नेटएवढी, जाडी चार-पाच एमएम, फेव्हिक्विकनं बांधून बुच काढून घ्या. या चार कॉइल चकतीच्या वर, तीन-चार एमएम अंतर सोडून, त्याच साडेतीन सेंटिमीटरच्या वर्तुळावर एका लाकडी चौकटीला चिकटवायच्या, एकाआड एक मॅग्नेटच्या डोक्यावर येतील अशा, म्हंजे चारही कॉइलवर एका वेळी एकच जातीचा ध्रुव येतो. चौकट जेवढी सडपातळ तेवढी हवेला वाट मोकळी. चारी सिरीजमध्ये जोडा. जोडताना मल्टीमीटर एसीवर ठेवून पंखा बोटानं फिरवत एकेक कॉइल वाढवत जा, प्रत्येक वेळी व्होल्टेज वाढलं पाहिजे, कमी झालं तर ती कॉइल उलटी आहे, तिची टोकं अदलाबदल करा. हे न करता चारी जोडून मोकळं झालात तर दोन कॉइल दुसऱ्या दोघींचं खातात आणि मीटर शून्य दाखवतो. वाइंडिंग वायरच्या टोकाचं वार्निश ब्लेडनं खरवडायला विसरू नका, शंभरातल्या नव्वद जणांचं तिथंच अडतं. शेवटी दोन लाल एलईडी एकमेकांना उलटे जोडून लावा, एसी असल्यामुळं एकदा हा एकदा तो लागतो, डोळ्याला दोन्ही मिणमिणताना दिसतात. पांढरा एलईडी लावू नका, त्याला तीन व्होल्ट लागतात.

हा सगळा संच पाईपच्या बुडात, पहिल्या फूटभरात. चकतीच्या खाली, हवेच्या तोंडाला, प्लास्टिकची छोटी वाटी तळ खाली येईल अशी चिकटवा, पालथी नको, हवा चकतीवर आपटण्याऐवजी बाजूनं पात्यांकडं वळते. एवढ्यानं माझ्या पंख्याचा वेग नजरेला कळेल इतका वाढला.

लागला की लगेच खरा आहे का तपासा. कारण पाईपच्या तोंडावरनं नुसता वारा गेला तरी तो आतली हवा ओढतो, आणि मग तुमचा टॉवर उन्हावर नाही वाऱ्यावर चाललेला असतो. एमआयडीसीतल्या शेडवर ते स्टीलचे गोळे फिरतात ना टर्बो व्हेंटिलेटर, ते बरेचसे बाहेरच्या वाऱ्यानंच फिरत असतात. तपासायचं असं, छपरावर ताडपत्री टाका आणि वीसेक मिनिटं थांबा. पंखा मंदावून थांबला तर ऊनच होतं. फिरतच राहिला तर वारा होता, शांत दिवस बघून परत. प्रदर्शनात परीक्षकांनी भाच्याला नेमका हाच प्रश्न विचारला आणि पोरानं ताडपत्रीचे आकडे वहीत लिहिलेले दाखवले, एलईडीपेक्षा त्या पानाचे मार्क जास्त मिळाले असं माझं मत आहे. ढग आला की पण कळतं, छपरावर सावली सरकली की थोड्या वेळात एलईडी मंद.

रात्री चालवायचा नाद असेल तर लिटरच्या वीस बाटल्या काळ्या रंगवून पाण्यानं भरून छपराखाली ठेवता येतात. हिशोब करा, वीस लिटर पाणी वीस डिग्री थंड होताना जी उष्णता सोडतं त्यावर आपला वारा (दोन मीटर वेग आणि वीस डिग्री फरक धरला तर तो दीडेक किलोवॉट उष्णता वाहून नेतो) वीस मिनिटं चालतो. दोनशे लिटर ठेवलं तर स्लॅबचा विचार करा. मी नाद सोडला.

आणि आता ह्या सगळ्याचा खरा उपयोग, जो मला सुचला नाही, आईला सुचला. प्रदर्शन झाल्यावर सांगाडा गच्चीवर तसाच होता, चटणीचा सीझन, मिरच्या वाळवायच्या होत्या. आई वर आली, छपराखाली हात घालून बघितला आणि म्हणाली, "ते मधलं फिरतं तेवढं काढ, आणि मला ह्यात मिरच्या घालू दे." पंखा काढला की अडथळा गेला, तासाला दोनशे घनमीटरच्या वर गरम हवा आपोआप फिरते, लाईट न जाळता. एक किलो पाणी उडवायला साधारण २.४ मेगाज्यूल लागतात, म्हंजे दीड किलोवॉट उष्णता पूर्ण लागली तर तासाला दोन किलो पाणी, निम्मी लागली असं धरलं तरी किलोभर. वीज दहा मिलिवॉट आणि वाळवण किलोभर पाणी तासाला, ह्यातलं काम कुठलं ते तुम्हीच ठरवा.

वाळवणासाठी थोडे बदल लागतात. काळ्या कागदावर थेट घालू नका, करपतं आणि खालनं वाळत नाही, विटांवर बांबूच्या चौकटीला शेडनेट ताणून त्याच्यावर पातळ थर द्या म्हंजे हवा खालनं वरनं दोन्हीकडनं जाते. मिरचीचा रंग ठेवायचा असेल तर वरच्या कागदावर जुनी साडी टाका, ऊन थेट लागत नाही, वारं थोडं कमी होतं पण रंग राहतो. कडेच्या फटीला बारीक जाळी लावा, मांजर आत जाऊन झोपतं, आमच्याकडं झोपलं. पापड, कुरडया मधल्या भागात ठेवू नका, तिथं वारं जोराचं असतं, पापड उडून पाईपच्या बुडाला चिकटतात, ते कडेला आणि ओलं जड वाळवण मध्ये. पहिल्या दोन तासात ओलसर माल हवा थंड करतो आणि ओढ पडते, घाबरू नका, माल सुकत जाईल तशी ओढ परत धरते.

संध्याकाळी ऊन उतरलं की प्लायवूडच्या भोकावर पाट सरकवून ठेवा आणि कडेची फट गोणपाटानं बुजवा, नाहीतर पहाटे पाईपमधली गार जड हवा उलटी खाली उतरते आणि दिवसभर वाळवलेलं परत दमट होतं. मृगाच्या आधी सगळं उतरवा, कागद पुसून, सावलीत सुकवून, नळकांडीसारखा गुंडाळून ठेवा, घडी घातली तर घडीवर फाटतो. जीआय तारा पुढच्या वर्षी परत वापरायच्या असतील तर हातानं चाचपून गंज बघा, शंका आली तर टाकून द्या.